आयोवा बार्नस्टॉर्मर्स : डेस मॉइनच्या संघाची वाटचाल

११ फेब्रुवारी १९८१. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकरचा ऑल-स्टार सामना चालू होता. प्रेक्षकांत जिम फॉस्टर नावाचे तरुण गृहस्थ होते. ते त्या काळी एनएफएल या अमेरिकेच्या अव्वल फुटबॉल संघटनेच्या प्रचार विभागात काम करत. हॉकीच्या रिंगणाएवढ्या जागेत सॉकर रंगतो, तर अमेरिकी फुटबॉल का रंगू नये, हा प्रश्न त्यांना तिथेच पडला. हाताशी असलेल्या पाकिटावर त्यांनी मैदानाचा आराखडा रेखाटला. अरीना फुटबॉल या खेळाचा जन्म त्या पाकिटावर झाला.

मराठी वाचकासाठी दोन गोष्टी इथेच सांगायला हव्यात. हा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावायचे, फेकायचा, झेलायचा आणि प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये पोचवून टचडाउन करायचा, असा तो अमेरिकी खेळ. त्याचे उघड्यावरचे मैदान शंभर यार्डांचे, एका बाजूला खेळाडू अकरा. फॉस्टर यांनी मैदान पन्नास यार्डांवर आणले, रुंदी ८५ फुटांवर आणली आणि खेळाडू आठ केले. कडेला जाड पॅड लावलेल्या भिंती उभ्या केल्या. गोलच्या खांबांच्या दोन्ही अंगांना उंच जाळ्या बांधल्या. जाळीवर आपटून परतलेला चेंडू जिवंतच राहतो, त्यामुळे खेळ थांबत नाही. चेंडू प्रेक्षकांत गेला तर तो झेलणाऱ्याचा झाला. उघड्या मैदानावर आक्रमण अडले की चेंडू लाथाडून दूर धाडण्याची सोय असते, तीही इथे काढून टाकली. साहजिकच गुण धो धो पडू लागले. चाळीस-पन्नास गुण करूनही संघ हरतो, असा हा खेळ आहे.

कल्पना प्रत्यक्षात यायला सहा वर्षे गेली. मध्यंतरी यूएसएफएल ही नवी व्यावसायिक स्पर्धा निघाली आणि फॉस्टर तिकडे गुंतले. १९८६ मध्ये इलिनॉयमधील रॉकफर्ड येथे चाचणीचा सामना झाला. १९८७ च्या उन्हाळ्यात शिकागो, डेन्व्हर, पिट्सबर्ग आणि वॉशिंग्टन अशा चार संघांनिशी अरीना फुटबॉल लीग, म्हणजे एएफएल, सुरू झाली. फॉस्टर तिचे पहिले आयुक्त झाले. १९९० मध्ये या खेळपद्धतीला अमेरिकेत पेटंटही मिळाले. पुढे आयुक्तपद सोडल्यावर त्यांनी स्वतःचा संघ उभा करायचे ठरवले, आणि जागा निवडली ती आपल्याच प्रांतातली. सत्तरच्या दशकात आयोवातील न्यूटन नाइट हॉक्स हा अर्धव्यावसायिक संघ त्यांनीच चालवला होता आणि १९७७ मध्ये तो युरोपच्या दौऱ्यावरही नेला होता. आयोवाची माणसे फुटबॉलला कशी दाद देतात, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती.

१९९५ मध्ये आयोवा बार्नस्टॉर्मर्सची स्थापना झाली. गाव ठरले आयोवाची राजधानी डेस मॉइन. मक्याच्या शेतांच्या मधोमध वसलेले, विमा कंपन्यांच्या कचेऱ्यांचे, दोन लाख वस्तीचे हे शहर. फुटबॉल, बेसबॉल, बास्केटबॉल, हॉकी यांपैकी एकाही खेळाचा सर्वोच्च पातळीवरचा संघ आयोवात नव्हता आणि आजही नाही. विद्यापीठांचे फुटबॉल हेच तिथले मोठे वेड, आणि तेही शरद ऋतूतले. उन्हाळा मोकळा होता. संघाच्या नावाला १९२० च्या दशकातली पार्श्वभूमी होती. छोटी विमाने घेऊन गावोगाव फिरणारे, शेतात विमान उतरवून कसरती दाखवणारे वैमानिक त्या मुलखाने पाहिले होते. संघाने त्यांचेच नाव घेतले आणि शिरस्त्राणांवर त्या वैमानिकांचे गॉगल रंगवले. अमेरिकेतल्या खेळांच्या शिरस्त्राणांत इतके देखणे चिन्ह क्वचितच आढळेल.

घर मिळाले ते व्हेटरन्स मेमोरियल ऑडिटोरियमचे. १९५५ मध्ये उघडलेल्या या सभागृहाला आयोवाच्या घराघरांत ओळख होती. शाळकरी मुलींच्या सहा-सहा जणींच्या बास्केटबॉलची राज्यस्पर्धा वर्षानुवर्षे तिथेच भरत असे आणि खेड्यापाड्यांतून लोक मुलींचे सामने पाहायला तिथे लोटत. बास्केटबॉलचा तो जुना प्रकार १९९३ मध्ये बंद झाला होता. दोनच वर्षांनी त्याच आसनांवर माणसे नव्या खेळासाठी येऊन बसली. बार्नस्टॉर्मर्सच्या चाहत्यांनी सभागृहाचे नाव ‘द बार्न’ ठेवले. सुमारे अकरा हजार माणसे, डोक्यावर छप्पर, खेळाडू हाताच्या अंतरावर आणि भिंतीवर आदळणाऱ्या अंगांचा आवाज. बाहेरचे संघ तिथे यायला बिचकत.

प्रशिक्षक म्हणून फॉस्टर यांनी जॉन ग्रेगरी यांना आणले, आणि संस्थेच्या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत दूरदर्शी निर्णय म्हणावा लागेल. ग्रेगरी यांनी साउथ डकोटा स्टेट विद्यापीठाचा संघ घडवला होता. पुढे कॅनडात जाऊन १९८९ मध्ये सस्कॅचवान रफरायडर्सला ग्रे कप हा तिथला विजेतेपदाचा चषक जिंकून दिला होता. कॅनडाचे मैदान अमेरिकेच्या मैदानाहून लांब आणि रुंद असते. तिथे नाव कमावलेला माणूस आता अर्ध्या मैदानावरच्या खेळाचे डावपेच आखू लागला. माणसे पारखण्याची त्यांची दृष्टी मात्र मैदानाच्या मापावर अवलंबून नव्हती.

हे पहिल्याच हंगामात दिसले. सीडर रॅपिड्समध्ये वाढलेला कर्ट वॉर्नर हा आयोवाचाच मुलगा. नॉर्दर्न आयोवा विद्यापीठात त्याला क्वार्टरबॅक म्हणून, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती घेऊन चेंडू फेकणारा म्हणून, शेवटच्या वर्षीच खेळायला मिळाले. १९९४ मध्ये ग्रीन बे पॅकर्सने त्याला सरावाला बोलावले आणि हंगाम सुरू होण्याआधीच घरी पाठवले. मग सीडर फॉल्समधल्या हाय-व्ही या किराणा दुकानात तासाला साडेपाच डॉलरवर त्याने रात्रपाळी धरली. रात्रभर फडताळांवर डबे लावायचे आणि दिवसा सराव करायचा. बार्नस्टॉर्मर्सचे बोलावणे त्याला आले ते याच दिवसांत.

सुरुवात सोपी नव्हती. उघड्या मैदानावर चेंडू हाती आल्यापासून फेकेपर्यंत जो वेळ मिळतो, तो इथे निम्माही नव्हता. भिंती जवळ, बचावपटू त्याहून जवळ, झेलणारा पळायला लागला की दोन श्वासांत एंड झोन. वॉर्नरला हे अंगवळणी पडायला काही सामने लागले. ग्रेगरी यांनी त्याला बसवले नाही, खेळवत ठेवले. विलिस जॅकॉक्स आणि लामार्ट कूपर यांच्यासारखे चपळ रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारे, त्याच्या दिमतीला होते. त्या काळात या खेळात बहुतेक खेळाडूंना आक्रमण आणि बचाव दोन्ही करावे लागे. म्हणजे आत्ता झेल घेऊन आलेला माणूस दम न घेता पुढच्या डावात दुसऱ्याचा झेल अडवायला उभा. वॉर्नरच्या आकड्यांच्या मागे या माणसांची फरफट आहे आणि तिची नोंद संस्थेच्या इतिहासात व्हायलाच हवी.

१९९६ च्या हंगामात बार्नस्टॉर्मर्सने चौदापैकी बारा सामने जिंकले आणि अरीनाबोल हा विजेतेपदाचा सामना डेस मॉइनमध्येच झाला. ऑगस्टअखेरच्या त्या रात्री द बार्न ओसंडून वाहत होते. समोर टॅम्पा बे स्टॉर्म, या खेळातला तेव्हाचा दादा संघ. निकाल लागला ४२-३८. विजय टॅम्पाचा. स्वतःच्या घरी, चार गुणांनी गेलेले ते विजेतेपद डेस मॉइनच्या जुन्या चाहत्यांना अजून सलते. पुढच्या वर्षी संघ अकरा सामने जिंकून पुन्हा अंतिम सामन्यात पोचला. वॉर्नरने त्या हंगामात ७९ टचडाउन पास फेकले. या वेळी सामना फीनिक्सला होता आणि ॲरिझोना रॅटलर्सने ५५-३३ अशी मात केली. लागोपाठ दोन वर्षे उपविजेता राहिलेल्या संघाचा धीर सहज खचला असता, पण पुढच्या हंगामांतही संघ स्पर्धेत टिकून राहिला. आरन गार्सिया हा क्वार्टरबॅक डेस मॉइनला आला. कारकीर्द संपेपर्यंत या खेळात हजारावर टचडाउन पास त्याच्या नावावर जमा झाले होते.

तीन हंगामांत दहा हजारांवर यार्ड आणि १८३ टचडाउन पास, एवढी शिदोरी घेऊन वॉर्नर १९९७ च्या शेवटी एनएफएलच्या सेंट लुइस रॅम्सकडे गेला. त्याआधी शिकागो बेअर्सने त्याची चाचणी ठरवली होती, पण मधुचंद्राच्या प्रवासात कोळी चावून कोपर सुजले आणि ती संधी हुकली. रॅम्सने त्याला १९९८ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या संघाकडून खेळायला युरोपात धाडले. १९९९ च्या हंगामाआधी रॅम्सचा मुख्य क्वार्टरबॅक जायबंदी झाला आणि संघ वॉर्नरच्या हाती आला. ४१ टचडाउन पास आणि हंगामाच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याने मिळवला. ३० जानेवारी २००० रोजी सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, टेनेसी टायटन्सविरुद्ध ४१४ यार्डांचे पास फेकून त्याने २३-१६ असे विजेतेपदही मिळवून दिले. चेंडू चटकन हातातून सोडण्याची त्याची जी हातोटी साऱ्या देशाने पाहिली, ती डेस मॉइनच्या भिंतींमध्ये घटवलेली होती. तिथे थांबायला वेळच नव्हता.

त्या जानेवारीत किराणा दुकान आणि बार्नस्टॉर्मर्स ही दोन नावे अमेरिकेतल्या प्रत्येक वर्तमानपत्रात होती. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस डेस मॉइनने आपला संघ गमावला.

कारण व्यवहाराचे होते. नव्वदच्या दशकाअखेर एएफएलला मोठ्या शहरांची ओढ लागली होती. दूरचित्रवाणीचे करार, बड्या उद्योगपतींची गुंतवणूक, संघाच्या वाढत्या किमती. दोन लाख वस्तीच्या शहरातला संघ, सभागृह कितीही भरले तरी, या हिशेबात बसेना. न्यूयॉर्क आयलँडर्स या हॉकी संघाचे मालक चार्ल्स वांग यांनी बार्नस्टॉर्मर्स विकत घेतला. २००१ पासून तो लाँग आयलँडवरच्या नासाऊ कोलिझियममध्ये न्यूयॉर्क ड्रॅगन्स या नव्या नावाने खेळू लागला. गार्सियाही तिकडे गेला.

खेळाडू आणि हक्क गेले, नाव राहिले. २००१ मध्ये त्याच नावाने, त्याच सभागृहात एक संघ एएफ२ या दुय्यम स्पर्धेत उतरला. छोट्या शहरांसाठी २००० मध्ये ही स्पर्धा निघाली होती. तिचे पहिले विजेतेपद आयोवा आणि इलिनॉयच्या सीमेवरच्या क्वाड सिटी स्टीमव्हीलर्सने एकही सामना न हरता मिळवले होते आणि त्या संघामागेही जिम फॉस्टरच होते. बार्नस्टॉर्मर्सचा एएफ२ मधला हा डाव मात्र एकाच हंगामात आटोपला. अव्वल स्पर्धेची सवय झालेल्या गावाला धाकट्या स्पर्धेत रमायला वेळ लागणार होता आणि तो वेळ मिळाला नाही. पुढची सहा वर्षे डेस मॉइनचा उन्हाळा इनडोअर फुटबॉलविना गेला.

या काळात शहर बदलत होते. २००५ मध्ये जुन्या सभागृहाशेजारी वेल्स फार्गो अरीना हे मोठे, नवे संकुल उघडले. पुढे जुन्या सभागृहाचे रूपांतर परिषदांच्या दालनांत झाले. नव्या इमारतीत बास्केटबॉल आणि हॉकीचे संघ आले आणि फुटबॉलची आठवण पुन्हा जागी झाली. २००८ मध्ये बार्नस्टॉर्मर्स एएफ२ मध्येच परतला. पुनरागमनाचे श्रेय स्थानिक मालकांच्या गटाला आहे. आयोवाच्या राज्य सिनेटमध्ये काम केलेले जेफ लॅम्बर्टी हे त्यातले प्रमुख नाव. पहिल्या पर्वात फॉस्टर यांचा ध्यास होता. या पर्वात इथल्याच माणसांनी इथल्या संघासाठी पदराला खार लावून घेण्याची तयारी दाखवली. प्रशिक्षकपदी पुन्हा जॉन ग्रेगरी आले. संघ त्याच शिरस्त्राणांत मैदानात उतरला.

परतल्याला वर्षही उलटले नव्हते, तोच सगळा खेळच संकटात सापडला. २००८ च्या आर्थिक मंदीत एएफएलने २००९ चा हंगाम रद्द केला आणि पुढे दिवाळखोरी पत्करली. न्यूयॉर्क ड्रॅगन्सही तिच्याबरोबर इतिहासजमा झाला. मोठ्या शहराच्या आशेने नेलेला संघ असा आठ हंगामांत संपला. डेस मॉइनचा संघ मात्र २००९ मध्ये एएफ२ चा हंगाम खेळत होता. २००९ च्या अखेरीस एएफ२ देखील विसर्जित झाली. दोन्ही स्पर्धांतल्या टिकलेल्या संघांनी मिळून नवी स्पर्धा उभी केली आणि जुन्या एएफएलचे नाव व मालमत्ता विकत घेतली. अशा रीतीने २०१० मध्ये बार्नस्टॉर्मर्स दहा वर्षांनी पुन्हा एएफएलचा संघ झाला.

हे पर्व पाच हंगामांचे. ते यशाचे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. ग्रेगरी यांच्यानंतर जे. टी. स्मिथ आणि मग माइक होहेन्सी यांनी धुरा वाहिली. १९८७ च्या पहिल्यावहिल्या हंगामात पिट्सबर्गकडून क्वार्टरबॅक म्हणून खेळलेले होहेन्सी या खेळाचे चालतेबोलते दप्तरच. तरी विजेतेपदाच्या जवळ संघ जाऊ शकला नाही. स्पर्धा देशभर पसरलेली होती आणि फ्लोरिडापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंतचा विमानप्रवास मध्यम शहराच्या संघाला परवडणारा नव्हता. २०१४ च्या हंगामानंतर संघाने एएफएल सोडण्याचा निर्णय घेतला आणि २०१५ पासून इनडोअर फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे आयएफएलमध्ये प्रवेश केला.

तेव्हा अनेकांना ही पीछेहाट वाटली. एएफएलचे नाव मोठे होते. आयएफएल ही दोन लहान स्पर्धांच्या विलीनीकरणातून आलेली, २००९ मध्ये पहिला हंगाम खेळलेली स्पर्धा. फॉस्टर यांच्या पेटंटमधल्या परतीच्या जाळ्या तिथे नव्हत्या, त्यामुळे खेळाची एक गंमत गेली. पण सू फॉल्स, सीडर रॅपिड्स, नेब्रास्कातले ग्रँड आयलंड ही प्रतिस्पर्ध्यांची गावे बसने गाठता येत होती. शेजारच्या गावाशी चुरस लागली की आसने भरतात, हे कोणत्याही कुस्तीच्या फडाला किंवा कबड्डीच्या मैदानाला माहीत असलेले सत्य इथेही लागू पडले. एएफएलची घसरण पुढे वेगाने झाली. २०१७ मध्ये तिच्यात पाचच संघ उरले आणि २०१९ मध्ये ती बंद पडली. १९९७ मध्ये आयोवाला हरवणारा ॲरिझोना रॅटलर्सही त्याआधीच आयएफएलमध्ये आला होता. बार्नस्टॉर्मर्सच्या चालकांनी दोन वर्षे आधी ओळखलेला रस्ता पुढे बलाढ्यांनीही धरला.

या स्पर्धेवर साउथ डकोटाच्या सू फॉल्स स्टॉर्मची सत्ता होती. २०११ ते २०१६ अशी लागोपाठ सहा विजेतेपदे त्या संघाने मिळवली होती. २०१८ च्या युनायटेड बोलमध्ये, म्हणजे आयएफएलच्या अंतिम सामन्यात, हाच संघ बार्नस्टॉर्मर्ससमोर आला. आयोवाचे प्रशिक्षक होते डिक्सी वूटन. निकाल ४२-३. प्रतिस्पर्ध्याला चाळीस गुण करू दिले तरी बचाव बरा झाला असे मानणाऱ्या या खेळात, अंतिम सामन्यात सू फॉल्ससारख्या संघाला एक टचडाउनही करता आला नाही. स्थापनेनंतर तेवीस वर्षांनी, दोन हुकलेल्या अरीनाबोलनंतर, बार्नस्टॉर्मर्सला पहिले विजेतेपद मिळाले. वॉर्नरच्या काळातला संघ अधिक नामवंत होता, यात शंका नाही. चषक मात्र आणला तो देशाला अनोळखी असलेल्या खेळाडूंनी.

२०१७ मध्ये कर्ट वॉर्नरची ओहायोतल्या कँटन येथील प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. अरीना फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचे नाव आधीच होते. दोन्हीकडे स्थान मिळालेला तो एकमेव खेळाडू. बार्नस्टॉर्मर्सने त्याचा १३ क्रमांक कायमचा निवृत्त केला आहे. आपल्याकडचाही एक धागा इथे आहे. भारतात अमेरिकी फुटबॉल रुजवण्यासाठी एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया उभी राहिली, तेव्हा तिला पाठबळ देणाऱ्यांत वॉर्नर होता आणि त्या स्पर्धेत पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स हे संघ होते. २०२१ च्या नाताळात त्याच्या आयुष्यावरचा ‘अमेरिकन अंडरडॉग’ हा चित्रपट आला. त्यात जिम फॉस्टर यांची भूमिका ब्रूस मॅगिल यांनी केली. गॉगलची शिरस्त्राणे अशा रीतीने पडद्यावरही पोचली.

२०२० चा हंगाम कोविडच्या साथीने गिळला. आयएफएलने तो पूर्ण रद्द केला. तिकिटांवर चालणाऱ्या छोट्या संघासाठी एक रिकामा हंगाम म्हणजे जिवावरचे दुखणे. २०२१ मध्ये स्पर्धा परत सुरू झाली तेव्हा बार्नस्टॉर्मर्स आपल्या जागी हजर होता. वसंत ऋतूत हॉकीचा आणि फुटबॉलचा हंगाम एकमेकांवर येतात. तेव्हा बर्फाच्या रिंगणावर आच्छादन घालायचे, त्यावर कृत्रिम हिरवळ अंथरायची, भिंतींना पॅड बांधायचे आणि सामना संपला की सगळे उलट करायचे. हे काम करणाऱ्यांची नावे कोणत्याही निकालपत्रात येत नाहीत. तिकीटखिडकीवरची माणसे, बँड, नृत्यपथक, पहिल्या हंगामापासून तिकिटांचे नूतनीकरण करणारी कुटुंबे यांचीही नोंद तिथे नसते. चार स्थित्यंतरे आणि दोन इमारती ओलांडून संघ पुढे आला तो यांच्या खांद्यांवर.

२०२५ मध्ये वेल्स फार्गो अरीनाचे नाव बदलून केसीज सेंटर झाले. केसीज ही आयोवातलीच दुकानांची साखळी आहे आणि तिचे संस्थापक डॉन लॅम्बर्टी हे जेफ लॅम्बर्टी यांचे वडील.